लॅमिंग्टन रोडवर करून घेतलेला व्हीबायोसचा बदल: चार महिन्यांच्या वापरानंतर

घरांच्या अंतर्गत सजावटीची चित्रे ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये रेंडर करून देणे हा माझा व्यवसाय आहे आणि तो अजूनही २०१५ साली घेतलेल्या लॅपटॉपवर चालतो. त्यात एनव्हिडियाचे ३ जीबी मेमरीचे जीटीएक्स ९७०एम हे ग्राफिक्स कार्ड आहे. या कार्डाचे फर्मवेअर, म्हणजे कार्ड कसे चालावे हे ठरवणारा, कार्डातच साठवलेला आणि सगळे ज्याला व्हीबायोस म्हणतात तो प्रोग्रॅम, मी गेल्या मार्चमध्ये लॅमिंग्टन रोडवरच्या एका लहान दुरुस्तीच्या दुकानातून बदलून घेतले. त्यानंतरचा संपूर्ण उन्हाळा आणि पावसाची सुरुवात या यंत्राने काढली असल्यामुळे त्या सेवेविषयी आता काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण दुकान चालवणाऱ्या काकांनीच तशी विनंती केली आहे. हे काम ते प्रत्येक यंत्रावर स्वीकारत नाहीत, आणि नाव वाचून लांबून आलेल्या माणसाला हात हलवत परत पाठवणे त्यांना बरे वाटत नाही. मात्र असे काम कुठेही करून घेताना काय विचारावे आणि काय पाहावे, एवढे तरी या अनुभवातून सांगता येईल.

आधी अडचण काय होती ते सांगते. ९७०एमचा मूळ क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, ९२४ मेगाहर्ट्झ आणि बूस्ट क्लॉक, म्हणजे ताण पडल्यावरचा वाढीव वेग, १०३८ मेगाहर्ट्झ आहे. माझ्या यंत्रावर रेंडर सुरू केल्यावर पहिली पाचसहा मिनिटे १०३८ हा आकडा दिसत असे, मग तापमान ९२ अंशांवर जाई आणि क्लॉक सातशेच्या खाली, कधी थेट सहाशेपर्यंत घसरत असे. तापमान थोडे उतरले की क्लॉक पुन्हा वर जाई आणि दोन मिनिटांत पुन्हा खाली येई. जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये क्लॉक कशामुळे अडला आहे हे सांगणारी एक रांग असते. ती रांग माझ्याकडे रेंडर चालू असताना बहुतेक वेळ ‘थर्मल’ दाखवत असे. दिवाणखान्याच्या एका ठरावीक चित्राला १ तास ५२ मिनिटे लागत होती. हेच चित्र मी पुढे प्रत्येक तुलनेसाठी वापरले, म्हणून हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

या कामाची भीती माझ्या मनात आधीपासून होती आणि तिला कारण होते. दोन वर्षांपूर्वी शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानात मी याच तक्रारीसाठी लॅपटॉप दिला होता. तिथल्या मुलाने कुठून तरी उतरवून घेतलेली, दुसऱ्याच कोणत्या तरी लॅपटॉपच्या ९७०एमची ‘वेगवान’ फाइल माझ्या कार्डावर चढवली. व्हीबायोस चढवणारा एनव्हीफ्लॅश हा प्रोग्रॅम अशा वेळी कार्डाचा आणि फाइलचा ओळख क्रमांक जुळत नसल्याची सूचना देतो, पण ती सूचना ओलांडून पुढे जाण्याची सोयही त्यात आहे, आणि ती वापरली गेली. कार्डाचे नाव एकच असले तरी निरनिराळ्या लॅपटॉपमध्ये मेमरीच्या चिप वेगळ्या कंपनीच्या असतात, व्होल्टेज पुरवणारे सर्किट वेगळे असते, आणि व्हीबायोसमधले तक्ते त्या त्या जोडणीसाठी लिहिलेले असतात. माझ्या यंत्रात पडदा इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर चालतो, त्यामुळे विंडोज नेहमीप्रमाणे सुरू झाले, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळा त्रिकोण आणि ‘कोड ४३’ हा कार्ड चालत नसल्याचा संदेश दिसू लागला. मूळ व्हीबायोसची प्रत त्यांनी ठेवली नव्हती. आठ दिवस मला कार्ड जळाल्याचे सांगण्यात आले. माझ्या सुदैवाने जीपीयू-झेडमधून उतरवलेली मूळ फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर होती. ती नेऊन दिल्यावर दहा मिनिटांत कार्ड पूर्ववत झाले. बॅकअप घेतल्याशिवाय या कामाला हात लावणारा माणूस, त्याचा हात कितीही सराईत असो, विश्वासाचा नाही, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

काकांचे दुकान ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. दादरहून धीम्या गाडीने पाचवे स्थानक, आणि मग पाठीवर लॅपटॉप आणि हातात त्याचा विटेएवढा चार्जर घेऊन अरुंद लाकडी जिना चढायचा. वर एक लांब टेबल, एक मायक्रोस्कोप, हॉट एअरचे यंत्र आणि भिंतीवर ओळीने लावलेले पंखे व हीटसिंक आहेत. काकांनी लॅपटॉप उघडण्याआधी विचारलेला पहिला प्रश्न मला आवडला. ते म्हणाले, “ताई, तुमचं काम कोणतं? गेम की रेंडर? जे काम करता तीच फाइल आणली आहे का?” मी दिवाणखान्याची फाइल दिली, आणि त्यांनी ती माझ्यासमोर सुरू करून तापमान, क्लॉक आणि व्होल्टेज यांची नोंद एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये लावून ठेवली. फरमार्कसारख्या चाचण्या कार्डाला कमालीचे तापवतात, पण माझ्या रोजच्या कामात ताण कसा पडतो हे त्यातून कळत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हीबायोस बाजूला ठेवून फक्त साफसफाई केली. हीटसिंक काढल्यावर मी स्वतः पाहिले की पंख्यातली हवा ज्या पत्र्यांमधून बाहेर पडते त्यांच्या तोंडाशी धुळीचा थर नमद्यासारखा बसला होता, चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, आणि मेमरीवरचे पॅड बोट लावताच तुटत होते. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेने दोन स्क्रूंवर हिरवट थर आला होता, तो त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला. नवी पेस्ट आणि योग्य जाडीचे पॅड लावल्यावर तेच चित्र ९१ मिनिटांत झाले आणि तापमान ८४ अंशांवर राहिले. यावर काका म्हणाले, “अजून बायोसला हात लावलेला नाही. इथंच थांबायचं असेल तर बाराशे रुपये द्या आणि घेऊन जा.” वाचलेल्या एकूण वेळेचा मोठा हिस्सा या बाराशे रुपयांतच मिळाला होता, आणि पुढचे अडीच हजारांचे काम हातचे जाईल याची पर्वा न करता त्यांनी ते मला सांगितले. या सेवेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे.

मी थांबले नाही, कारण क्लॉक अजूनही आठशे आणि हजारच्या दरम्यान खालीवर होत होता. शिवाय खरे सांगायचे तर मला ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्या क्लॉकच्या वर कार्ड चालवणे, हवे होते. कार्ड २०० मेगाहर्ट्झने वाढवून द्या, अशी माझी मागणी होती. या पिढीच्या लॅपटॉप कार्डांवर मूळ व्हीबायोस १३५ मेगाहर्ट्झच्या वर वाढ करू देत नाही, त्यामुळे त्यापुढे जायचे तर फर्मवेअर बदलावेच लागते. त्याआधीही एकदा ड्रायव्हरच्या, म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाजूने अडथळा आला होता. २०१५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाने ९००एम मालिकेचे ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधून बंद केले, आणि वापरकर्त्यांच्या तीव्र नाराजीनंतर मार्चमध्ये ते पुन्हा खुले केले. त्या प्रकारानंतर मला ड्रायव्हरवर अवलंबून नसलेला, कार्डातच लिहिलेला बदल अधिक भरवशाचा वाटत आला होता.

काकांनी माझ्याशी वाद घातला नाही. व्हीबायोस तसाच ठेवून त्यांनी आफ्टरबर्नर या क्लॉक बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये १३५ मेगाहर्ट्झ वाढवले आणि माझी फाइल पुन्हा लावली. सुमारे २५ मिनिटे ११७३ मेगाहर्ट्झ असा सुंदर आकडा दिसला, मग तापमानाची मर्यादा गाठली गेली, आणि उरलेला सगळा वेळ क्लॉक वरखाली होत राहिला. चित्र ८३ मिनिटांत झाले. त्यानंतर त्यांनी कागदावर एक साधे गणित मांडले. चिपमध्ये काम करताना निर्माण होणारी उष्णता क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १.०५ व्होल्टवरून १.०० व्होल्टवर आले, तर क्लॉक तोच ठेवूनही त्या उष्णतेत सुमारे नऊ टक्के घट होते. २०० मेगाहर्ट्झ वाढवण्यासाठी व्होल्टेज चढवावे लागले असते आणि हेच गणित उलट्या दिशेने अंगावर आले असते. “मार्च आहे म्हणून पंचवीस मिनिटं चाललं,” ते म्हणाले, “मे महिन्यात दहा मिनिटंसुद्धा चालणार नाही.” त्यांचा प्रस्ताव असा होता की क्लॉक १०३८ वरच बांधून टाकावा आणि व्होल्टेज जितके सुरक्षितपणे उतरवता येईल तितके उतरवावे. नव्या पिढ्यांच्या कार्डांवर हे आफ्टरबर्नरच्या व्होल्टेज-क्लॉक आलेखातून करता येते, पण माझ्या ९७०एमसारख्या मॅक्सवेल पिढीच्या कार्डांना तो आलेख नाही, त्यांचा व्होल्टेजचा तक्ता व्हीबायोसमध्येच आहे. त्यामुळे फर्मवेअर बदलणे आले, पण मी मनात धरून गेले होते त्याच्या अगदी उलट हेतूने. मी होकार दिला.

चिप वाचण्याचे काम मी शेजारी बसून पाहिले. त्यांनी बॅटरीची वायर आधी सोडवली. व्हीबायोस जिच्यात साठवलेला असतो ती कार्डावरची आठ पायांची चिप तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी आहे आणि तिच्या एका कोपऱ्यावर पहिला पाय दाखवणारा बारीक खड्डा आहे. त्यांनी मायक्रोस्कोपखाली चिपवरचा क्रमांक वाचला, ती ३.३ व्होल्टची असल्याची खात्री केली, आणि मगच प्रोग्रामरच्या, म्हणजे चिप वाचणाऱ्या उपकरणाच्या, क्लिपची लाल वायर त्या खड्ड्याकडे धरून क्लिप बसवली. बाजारात तीनचारशे रुपयांना मिळणारा सीएच३४१ए जातीचा काळा प्रोग्रामर त्यांच्याकडेही आहे, पण त्याच्या डेटाच्या वायरींवर ५ व्होल्ट येतात आणि ३.३ व्होल्टच्या चिपला ते धोक्याचे आहे, म्हणून त्यांनी त्याची जोडणी बदलून घेतली आहे. पहिल्यांदा वाचलेली आणि दुसऱ्यांदा वाचलेली फाइल त्यांनी एकमेकींशी ताडून पाहिली, तर त्या जुळल्या नाहीत. मी घाबरले, ते शांत होते. क्लिप काढली, चिपचे पाय अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने एकेक करून घासले, क्लिप पुन्हा बसवली, थोडी दाबून पाहिली, आणि परत दोनदा वाचले. या वेळी दोन्ही फायली बाइटमागून बाइट जुळल्या. त्यातली एक प्रत माझ्या पेन ड्राइव्हवर गेली आणि एक त्यांच्या संगणकात यंत्राच्या क्रमांकाने ठेवली गेली. या सगळ्याला पाऊण तास लागला, आणि माझ्या मते अडीच हजारांपैकी निम्मे पैसे या पाऊण तासाचे आहेत.

पुढचे काम संथ होते. मॅक्सवेल टू बायोस ट्वीकर या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून त्यांनी बूस्टची वरची हद्द १०३८ वर आणली आणि व्होल्टेज साडेबारा मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरवत नेले. प्रत्येक पायरीला फाइल साठवायची, विंडोजमध्ये कार्ड तात्पुरते बंद करून ती एनव्हीफ्लॅशने चढवायची, यंत्र पुन्हा सुरू करायचे आणि चाळीस मिनिटे माझेच चित्र रेंडर करायचे, असा क्रम होता. ०.९७५० व्होल्टला ड्रायव्हर कोसळला. ०.९८७५ ला दुकानात सगळे सुरळीत चालले, तरी त्यांनी आणखी एक पायरी मागे येऊन १.०००० व्होल्ट कायम केले. उन्हाळ्यात, जुन्या होत जाणाऱ्या यंत्रात, थोडी जागा हाताशी असलेली बरी, हे त्यांचे कारण होते. तापमानाची मर्यादा वाढवून द्यायला त्यांनी स्पष्ट नकार दिला, आणि मेमरीच्या क्लॉकला त्यांनी हात लावला नाही. या दोन्ही गोष्टी मी मागितल्या होत्या. आता त्या न झाल्याचे मला समाधान आहे.

शेवटी तेच चित्र ८० मिनिटांत झाले. तापमान ७८ अंशांच्या आसपास राहिले आणि क्लॉकचा आलेख पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सरळ रेषेत होता. ११७३ चा आकडा दाखवणाऱ्या चाचणीपेक्षा १०३८ वर बांधलेले कार्ड तीन मिनिटे आधी मोकळे झाले. मे महिन्यात एका दुपारी, एसी नसलेल्या माझ्या खोलीत ३४ अंश असताना, मी सलग तीन तासांचे रेंडर लावले होते. तापमान ८४ वर गेले, पण क्लॉक जागचा हलला नाही. याच काळात ड्रायव्हर दोनदा बदलला, तरी बदल टिकून राहिला. चार महिन्यांत ड्रायव्हर एकदाही कोसळलेला नाही.

तक्रारीही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. काम दोन दिवसांत देण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत दोन ग्राहकांना मला तारीख पुढे ढकलायला सांगावे लागले. ३,७०० रुपयांच्या बिलावर ‘लॅपटॉप सर्व्हिसिंग’ एवढेच लिहिले होते. फर्मवेअरमध्ये केलेला बदल वरून पाहून कळत नाही, त्यामुळे कोणता आकडा कितीवरून कितीवर नेला हे लेखी मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. मी मागितल्यावर काकांनी बिलाच्या मागे पेनाने सगळे लिहून दिले, पण हे मागावे लागू नये. या कामावर फक्त सात दिवसांची हमी आहे, ती मला कमी वाटते. आणखी एक गोष्ट म्हणजे चाचण्यांसाठी त्यांना विंडोजचा पासवर्ड द्यावा लागतो. माझ्या यंत्रावर ग्राहकांच्या घरांचे नकाशे असतात, म्हणून मी वेगळे खाते तयार करून तेवढेच उघडून दिले. तसे करा असे दुकानाने स्वतःहून सांगायला हवे होते.

ज्यांचा लॅपटॉप नवा आहे त्यांनी या कामासाठी जिना चढू नये. २०१६ मध्ये आलेल्या पास्कल पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स १० मालिकेपासून, एनव्हिडियाच्या फर्मवेअरवर डिजिटल सही असते आणि आतला एक आकडा जरी बदलला तरी कार्ड ते फर्मवेअर स्वीकारत नाही. त्या कार्डांवर आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबून उघडणारा आलेख पुरेसा आहे, आणि काका तो मोफत दाखवतात. ज्या लॅपटॉपमध्ये कार्ड मदरबोर्डवरच बसवलेले असते त्यांपैकी अनेकांत व्हीबायोसची वेगळी चिप नसते, तो यंत्राच्या मुख्य बायोसमध्येच असतो. एनव्हीफ्लॅशने ‘ईईप्रॉम (म्हणजे व्हीबायोसची चिप) सापडला नाही’ असे म्हटले तर बहुधा तोच प्रकार असतो. असे काम चुकले तर पूर्ण यंत्रच सुरू होत नाही, म्हणून ते काम काका घेत नाहीत आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. जुन्या कार्डावर पैसे घालावेत का, हा प्रश्नही रास्त आहे. एनव्हिडियाने मॅक्सवेल कार्डांसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले आणि ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या सुधारणा देण्याचे जाहीर केले. माझ्या हिशेबाने तेवढ्या काळात हे यंत्र ३,७०० रुपये कितीतरी पटीने परत करील. निव्वळ खेळांसाठी वापरणाऱ्याने साफसफाईचे बाराशे रुपये द्यावेत आणि तिथेच थांबावे.

जूनच्या अखेरीस डाव्या पंख्यातून घरघर येऊ लागली, म्हणून भर पावसात लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मी पुन्हा ग्रँट रोडला गेले. सात दिवसांची हमी केव्हाच संपली होती. पंखा बदलायचे नऊशे रुपये झाले. यंत्राचे झाकण लावण्यापूर्वी काकांनी, मी काही न सांगता, चिपवर क्लिप बसवून व्हीबायोस पुन्हा वाचला आणि मार्चमध्ये चढवलेल्या फाइलशी ताडून पाहिला. दोन्ही जुळल्या. या वेळचे बिल मी हातात घेतले तेव्हा त्याच्या मागे पंख्याचा क्रमांक, तारीख आणि ‘व्हीबायोस तपासला, बदल नाही’ असे आधीच लिहिलेले होते.